बॅकटेस्टसाठी हळद आणि निफ्टी फ्युचरचा रोलओव्हर नेमक्या कुठल्या तारखेला धरायचा?

विश्रामबाग_वायदा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सांगलीचाच. दिवसा नोकरी, रात्री पायथॉन. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातल्या हळद वायद्यावर (म्हणजे फ्युचरवर, पुढच्या तारखेच्या सौद्यावर) एक अगदी साधी पद्धत जुन्या भावांवर चालवून, म्हणजे बॅकटेस्ट करून, तपासतोय. २० दिवसांची सरासरी ५० दिवसांच्या सरासरीवर गेली की खरेदी, खाली आली की विक्री. तीच पद्धत निफ्टी फ्युचरवरही लावून बघतोय. प्रत्येक महिन्याचा काँट्रॅक्ट वेगळा, त्यामुळं सगळे एकापुढे एक जोडून एक लांबलचक मालिका तयार केली. भाव आहेत तसेच जोडलेत, मध्ये काही बदल केलेला नाही.

आधी एक्स्पायरीच्या, म्हणजे काँट्रॅक्ट संपायच्या दिवशीच पुढच्या काँट्रॅक्टवर गेलो, म्हणजे रोलओव्हर केला. निकाल झकास आला. मग कुणीतरी सांगितलं की पुढच्या काँट्रॅक्टचा ओपन इंटरेस्ट (अजून न मोडलेले सौदे) चालू काँट्रॅक्टपेक्षा जास्त झाला की रोल करायचा. तसं केलं तर हळदीतला निम्मा नफा गायब. एक्स्पायरीच्या पाच दिवस आधी धरून बघितलं तर तिसरंच उत्तर. पद्धत तीच, डेटा तोच, नुसती तारीख सरकवली. निफ्टीत मात्र तिन्ही उत्तरं जवळपास सारखीच येतात.

मग हळदीतच असं का? आणि खरी तारीख कुठली? जी सगळ्यात जास्त नफा दाखवते ती धरली तर चालतं का? मित्र म्हणतो चालतं. त्यानं अजून एकही सौदा केलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

अजिंक्यतारा_ट्रेडर

एवढा विचार कशाला? एक्स्पायरी धरा, विषय संपला. काँट्रॅक्ट शेवटच्या दिवसापर्यंत चालतो, भाव मिळतो, मग आधी का सोडायचा? मी साताऱ्यातून निफ्टी करतो, आजवर काही अडलं नाही.

यार्डातला_जुना

साताऱ्याच्या दोस्तांचं निफ्टीपुरतं चालून जाईल. हळदीत मात्र तसं करू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो. वसंत मार्केट यार्डात माझी हयात गेली, आधी दिवाणजी म्हणून आणि नंतर वायद्याच्या टर्मिनलपुढं.

पहिल्यांदा तुमचा तो झकास नफा आला कुठून, ते बघू. समजा जूनचा वायदा १४,२०० ला बंद झाला आणि त्याच दिवशी ऑगस्टचा १४,६२० ला. तुमच्या मालिकेत आज १४,२०० आणि उद्या एकदम १४,६२० च्या घरात. लॉट, म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप, पाच टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. ४२० गुणिले ५० म्हणजे कागदावर लॉटमागं २१,००० रुपये. हे पैसे कुणाला मिळाले? कुणालाच नाही. जूनचा लॉट १४,२०० ला विकला, ऑगस्टचा १४,६२० ला घेतला, व्यवहार तेवढाच. पण तुमच्या प्रोग्रॅमनं २१,००० जमेला धरले. वर २० दिवसांच्या सरासरीला ती उडी तेजी वाटली, म्हणजे खरेदीचा इशाराही खोटाच आला असणार. तारीख सरकवली की या उडीचा आकार बदलतो, आणि तुमची उत्तरं बदलली ती त्यामुळं. पद्धतीचा त्यात काही दोष नाही. गुणही नाही.

निफ्टीत ही उडी मुळातच लहान. तिथं दोन महिन्यांच्या भावातला फरक म्हणजे बहुतेक व्याज, त्यातून लाभांश वजा. निर्देशांक २४,००० आणि व्याज साडेसहा टक्के धरलं तर महिन्याला १३० अंश, जेमतेम अर्धा टक्का. हळदीत नुसत्या व्याजावर आणि गोदामभाड्यावर भागत नाही. शिल्लक माल किती आहे, लागण किती झाली, पाऊस कसा लागला, हे सगळं त्या फरकात उतरतं. (एकेकाळी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची आणि साठवणीचा खर्च नावापुरता असायचा. २००५ च्या पुरानं बरीचशी पेवं बुडवली. आता गोदामं आणि शीतगृहं, म्हणजे महिन्याच्या महिन्याला भाडं.)

तेव्हा आधी फरक काढून टाका, तारखेचं मग बघू. रोलच्या दिवशी दोन्ही काँट्रॅक्टचे एकाच वेळेचे भाव घ्या. मग मागचे सगळे भाव एक तर ४२० नं वाढवा, नाही तर १४,६२० भागिले १४,२०० म्हणजे साधारण १.०२९६ नं गुणा. बेरजेच्या पद्धतीत रुपयांतला नफातोटा बरोबर राहतो, पण बरीच वर्षं मागं गेलात की भाव इतके सरकतात की टक्केवारीला अर्थ उरत नाही. एखाद्या मालात जुने भाव चक्क उणे झालेले दिसतात. गुणाकारात टक्केवारी टिकते, पण मग ३०० रुपयांचा स्टॉप (तेवढा तोटा झाला की बाहेर) वगैरे जुन्या भावांवर लावता येत नाही. तुमच्या सरासरीच्या पद्धतीला गुणाकाराची मालिका बरी. इशारा त्या मालिकेवर काढा. लॉट किती घ्यायचे, मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) किती लागेल, हे मात्र त्या दिवशीच्या खऱ्या भावावर. या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबू नका.

आता तारीख. हळदीचा वायदा महिन्याच्या २० तारखेला संपतो, सुट्टी असली तर आदल्या कामकाजाच्या दिवशी. पण खरेदीवाल्यासाठी २० ही तारीख खरी नाहीच. शेवटच्या काही दिवसांत टेंडर पिरियड लागतो. त्यात विकणाऱ्यानं माल द्यायची तयारी दाखवली की तो कुणाच्या तरी गळ्यात पडणार, आणि ज्याची खरेदी उभी आहे त्याच्याच गळ्यात पडणार. निवड विकणाऱ्याची, तुमची नाही. तुम्ही विश्रामबागेत बसून दोन सरासऱ्या बघताय आणि नावावर आलीय निजामाबादच्या गोदामातली पाच टन हळद. पूर्ण रक्कम भरा, जीएसटी बघा, माल उचला नाही तर गिऱ्हाईक शोधा. शिवाय त्या दिवसांत मार्जिन रोज चढतं. त्यामुळं सटोडिये त्याआधीच निघून जातात आणि मागं उरतात ज्यांना माल द्यायचाय किंवा घ्यायचाय ते. २० तारखेपर्यंत बसून राहिलेला तुमचा बॅकटेस्ट म्हणजे ज्या खेळात तुम्ही नसणारच त्यातला नफा मोजणं. टेंडर पिरियड नेमका किती दिवसांचा, ते त्या-त्या वर्षीच्या काँट्रॅक्टच्या तपशिलात बघा. नियम बदलत आलेत, सगळ्या वर्षांना एकच आकडा लावू नका.

मी जे करतो ते असं. टेंडर पिरियड सुरू व्हायच्या दोन कामकाजाचे दिवस आधी ही शेवटची हद्द. त्याच्या आधीच पुढच्या काँट्रॅक्टचा ओपन इंटरेस्ट सलग दोन दिवस जास्त राहिला, तर तिसऱ्या दिवशी रोल. दोन दिवस अशासाठी की हळदीत एखादा मोठा हात हलला तरी एका दिवसापुरता आकडा उलटतो आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर येतो. आणि एकदा पुढं गेलं की परत मागं यायचं नाही, मग आकडे काहीही म्हणोत. तिसरा दिवस का, तर ओपन इंटरेस्टचा पक्का आकडा बाजार बंद झाल्यावर हातात येतो. आजच्या आकड्यावर आजच्याच बंद भावाला रोल केला तर संध्याकाळचं वर्तमानपत्र सकाळी वाचल्यासारखं होतं. बरेच तयार प्रोग्रॅम हेच करतात आणि कुणी बघत नाही.

डिसेंबरकडं वेगळं लक्ष द्या. हळदीत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चला संपणारा काँट्रॅक्टच नाही. डिसेंबरनंतर थेट एप्रिल. 'महिना अधिक एक' असं लिहून ठेवलं असेल तर प्रोग्रॅमला पुढचा काँट्रॅक्ट सापडणार नाही, किंवा तो गुपचूप मोकळे दिवस भरून घेईल. आणि हा रोल नेहमीसारखा नाही. डिसेंबरचा वायदा म्हणजे गेल्या हंगामाचा माल, एप्रिलचा म्हणजे शेतात अजून उभी असलेली हळद. आपल्याकडं काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, नव्या मालाचे सौदे त्याच सुमारास जोर धरतात. या दोन काँट्रॅक्टमधला फरक व्याजानं समजावता येत नाही. पीक कमी दिसलं तर एप्रिल वर, भरपूर दिसलं तर एप्रिल खाली. दोन्ही प्रकार बघितलेत. तुमचे तिन्ही निकाल वर्षागणिक फोडून बघा. मला दाट शंका आहे की निम्मा फरक याच एका रोलमध्ये बसलाय.

जास्त नफ्याची तारीख धरायचं मात्र डोक्यातून काढा. तारीख सरासरीच्या दिवसांसारखी फिरवून बघायची गोष्ट नाही. त्या दिवशी, तेवढ्या लॉटला, दोन्ही काँट्रॅक्टमध्ये समोर कुणी होतं का, आणि तुम्हाला जे माहीत असायला हवं ते तोवर माहीत होतं का, यावरून ती ठरते. ठरल्यावर दोन-तीन दिवस मागंपुढं करून बघा जरूर, पण कशासाठी? पद्धत तेवढ्यानं कोसळते का, ते बघायला. कोसळली तर तिच्यात दम नव्हता.

कोरेगाव_क्वांट

काकांच्या उत्तराला जोडून निफ्टीचं आणि थोडं क्रूडचं (कच्च्या तेलाचं) सांगतो, कारण 'एक्स्पायरी धरा, विषय संपला' हे मला तितकंसं पटलेलं नाही.

एक तर एक्स्पायरी कुठली? 'महिन्याचा शेवटचा गुरुवार' असं प्रोग्रॅममध्ये लिहून मोकळे होणारे खूप आहेत. निफ्टीचा मासिक वायदा १ सप्टेंबर २०२५ पासून शेवटच्या मंगळवारवर गेला. बँक निफ्टीचा तर मार्च २०२४ पासून शेवटचा बुधवार झाला, जानेवारी २०२५ पासून परत गुरुवार, आणि त्याच सप्टेंबरपासून मंगळवार. त्या दिवशी सुट्टी आली तर आदला कामकाजाचा दिवस. म्हणून वार मोजूच नका. भावकॉपीत (एक्सचेंजच्या रोजच्या भावांच्या फाइलमध्ये) प्रत्येक काँट्रॅक्टपुढे एक्स्पायरीची तारीख छापलेली असते, तीच वाचा. जुलै २०२४ मध्ये एनएसईनं भावकॉपीचा साचाही बदललाय, त्यामुळं जुनी-नवी फाइल एकाच रकान्यांच्या नावांनी वाचायला गेलात तर डेटा मधूनच तुटेल.

दुसरं, निफ्टी रोखीत मिटतो, माल वगैरे काही नाही, म्हणून शेवटपर्यंत थांबलं तरी जीव जात नाही. अंतिम हिशेब निर्देशांकाच्या त्या दिवशीच्या बंद भावावर होतो, आणि तो बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी. तुम्ही बॅकटेस्टमध्ये फ्युचरचा शेवटचा सौदा धरलात तर थोडा फरक पडेलच. पण शेअरच्या फ्युचरला हे लावू नका. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअरच्या वायद्यांत डिलिव्हरी सक्तीची आहे. तिथं काकांचं हळदीचं म्हणणं बऱ्यापैकी लागू होतं.

तिसरं म्हणजे क्रूड, कारण 'शेवटच्या दिवसापर्यंत भाव मिळतो' याचं याच्याइतकं सणसणीत उत्तर दुसरं नाही. २० एप्रिल २०२०. एमसीएक्स या वायदे बाजारात एप्रिलचा क्रूड वायदा त्या दिवशी संपत होता. लॉकडाऊनमुळं बाजार संध्याकाळी पाचलाच बंद. शेवटचा सौदा ९६५ रुपये बॅरल. आपल्याकडं हिशेब होतो अमेरिकेतल्या भावावर, आणि रात्री तिथं मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर मिटला. इथला अंतिम भाव ठरला उणे २,८८४ रुपये. लॉट १०० बॅरलचा. ९६५ आणि २,८८४ मिळून ३,८४९, गुणिले १००, म्हणजे ज्यानं बंद भावाला खरेदी उभी ठेवली होती त्याचे लॉटमागं ३,८४,९०० गेले. आणि पाच वाजल्यानंतर त्याला बाहेर पडायला दारच नव्हतं. तुमच्या फाइलमध्ये त्या दिवशी ९६५ आहे की उणे २,८८४, हे उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी मिळणाऱ्या मालिकेत ९६५ असतं आणि दुसऱ्या दिवशी इथल्याच मेच्या वायद्याचा भाव सुरू होतो, जणू काही घडलंच नाही.

सगळा रोल एका दिवशी करायचं बंधनही नाही बरं का. एस अँड पी जीएससीआय हा मालाच्या वायद्यांचा निर्देशांक महिन्याच्या पाचव्या ते नवव्या कामकाजाच्या दिवसांत रोज २० टक्के असा पुढं सरकतो. लॉट पुरेसे असतील तर तुम्हीही तसं करू शकता, एका वाईट दिवसाचा धक्का वाटला जातो.

अजिंक्यतारा_ट्रेडर

क्रूडचं मान्य, ते विसरलो होतो. पण निफ्टीत मी तरी एक्स्पायरीच्या दिवशीच करणार. दुपारी दोनच्या सुमाराला दोन्ही महिन्यांत ढीगभर सौदे चालू असतात, स्प्रेड (घेणाऱ्या-देणाऱ्याच्या भावातलं अंतर) चिंचोळा. आधी करून फायदा काय?

यार्डातला_जुना

निफ्टीत फार काही नाही. करा. फक्त रोलचा खर्च धरा म्हणजे झालं. एक विक्री, एक खरेदी, दलाली दोनदा. विक्रीवर एसटीटी हा सौद्यावरचा कर, तोही १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०१२५ चा ०.०२ टक्के झाला, मग १ एप्रिल २०२६ पासून ०.०५. बारा महिने बारा रोल. एका ओळीत विसरला जाणारा हा खर्च वर्षाच्या शेवटी बरा दिसत नाही. हळदीला सीटीटी (मालाच्या वायद्यांवरचा तसाच कर) नाही, पण दूरच्या महिन्यात घेणाऱ्या-देणाऱ्यातलं अंतरच इतकं असतं की कराची गरज पडत नाही.

विश्रामबाग_वायदा

सगळ्यांचे खूप आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे गुणाकाराची मालिका केली, टेंडरची हद्द घातली. आता हळदीत तिन्ही तारखांची उत्तरं बरीच जवळ आली. नफाही बराच आटला, ते असो. वर्षागणिक फोडल्यावर डिसेंबर-एप्रिलचं म्हणणं तंतोतंत निघालं.

दोन शंका. एक, त्या चार महिन्यांसाठी सांगलीच्या सौद्यांतला राजापुरी हळदीचा भाव घालून मधला फरक जास्त खरा करता येईल का? तो भाव मला सहज मिळतो. दोन, अजून जुना इतिहास हवा म्हणून सोयाबीनही घेतलंय. तिथं २०२१ च्या शेवटी मालिका विचित्र वागते. ओपन इंटरेस्ट नुसता उतरतच जातो, पुढच्या काँट्रॅक्टचा कधी चालू काँट्रॅक्टच्या वर जातच नाही.

यार्डातला_जुना

राजापुरी घालू नका. वायद्याचा मूळ भाव निजामाबादच्या मालाचा. आपली राजापुरी वेगळी, सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, गिऱ्हाईक वेगळं, मसालेवाले मागून नेतात. यार्डात सकाळी सौदे निघतात तेव्हा एकाच पेठेत दोन ढिगांच्या भावात हजार-दोन हजारांचा फरक बघायला मिळतो, कांडी कशी आहे, रंग कसा आहे, ओल किती आहे यावर. तो भाव वायद्याच्या मालिकेत शिरला की रोलचा फरक कुठला आणि मालाच्या प्रतीचा कुठला, हे तुम्हालाच कळायचं नाही. रोलचा फरक हा दोन वायद्यांमधला. हजर भावाचं (आज प्रत्यक्ष मालाच्या भावाचं) त्यात काम नाही. हजर भाव वेगळ्या रकान्यात ठेवा, वायदा आणि हजर यांतलं अंतर बघायला उपयोगी पडतो.

सोयाबीनचं कोडं नाही. २० डिसेंबर २०२१ ला बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीन, मोहरी, गहू, हरभरा, बिगर बासमती भात, मूग आणि कच्चं पामतेल यांचे वायदे थांबवले. नवे काँट्रॅक्ट नाहीत, चालू काँट्रॅक्टमध्ये नवी पोझिशन (उभा सौदा) नाही, असलेली फक्त मोडायची. हरभऱ्यावर तर ही वेळ त्याच वर्षी ऑगस्टमध्येच आली होती. म्हणजे त्या दिवसानंतर रोल नावाचा प्रकार अस्तित्वातच नव्हता. विकायला परवानगी, पुढचा घ्यायला नाही. तुमचा प्रोग्रॅम तिथं पुढच्या काँट्रॅक्टमध्ये 'खरेदी' दाखवत असेल तर ती खरेदी त्या वेळी कुणीच करू शकत नव्हतं. २० डिसेंबरला पोझिशन मोडली असं धरा, भाव पडेल तो घ्या, आणि मालिका तिथंच संपवा.

कोरेगाव_क्वांट

आणि डिसेंबर-एप्रिलचं काय केलंत, काका? मी धण्यात असल्याच प्रकारात अडकलोय. जुन्या पिकाचे भाव गुणून नव्या पिकाला चिकटवले की सरासरी कशाची निघते तेच कळत नाही.

यार्डातला_जुना

मी तिथं जोडतच नाही. डिसेंबरच्या हद्दीला असेल ती पोझिशन मोडायची आणि हात रिकामे. एप्रिलचा काँट्रॅक्ट काही महिने आधीपासून चालूच असतो, त्यामुळं त्याचे स्वतःचे भाव पुरेसे साठलेले असतात. सरासरी त्याच्याच भावांवर नव्यानं काढायची आणि त्यावर नवा इशारा आला तरच शिरायचं. बॅकटेस्टमध्ये दर वर्षी तिथं एक तुटक रेघ दिसते. दिसू दे. एप्रिलचे सुरुवातीचे भाव घेताना मात्र व्हॉल्यूमचा रकाना बघा. ज्या दिवशी सौदाच नाही त्या दिवशीही फाइलमध्ये एक बंद भाव छापलेला असतो. तसले दिवस सरासरीतून गाळा.